सत्तावन्न किलोंचा माणूस

सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पंचविसाव्या वर्षी काय होईल हे सांगणे, ही विद्या ज्योतिषाची की परीक्षकाची, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. ज्योतिषी निदान पत्रिका तरी मागतो. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभा राहणारा परीक्षक मुलाचे नुसते खांदे पाहतो आणि मनाशी काही ठरवून घरी जातो. अमेरिकेत या विद्येचे आता एक शास्त्रच होऊन बसले आहे. त्या देशात ज्याला फुटबॉल म्हणतात, आणि जो पायांपेक्षा हातांनी व खांद्यांनीच अधिक खेळला जातो, त्यात बचावाच्या पहिल्या रांगेत उभा राहणारा गडी असतो. समोरच्या धिप्पाड माणसाला रेटून त्याच्यामागच्या चेंडूवाल्यापर्यंत पोहोचणे हे त्याचे काम. हायस्कुलातला असा मुलगा आपल्या महाविद्यालयाच्या संघात चालेल काय, हे ठरविण्यासाठी तेथील प्रशिक्षक त्याची उंची, वजन आणि हातांची लांबी मोजतात. चाळीस यार्ड तो किती सेकंदांत धावतो हे घड्याळ लावून पाहतात. आणि मग मोजता न येणाऱ्या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. या हाडांच्या सांगाड्यावर आणखी वीस-पंचवीस किलो चढतील काय, आणि चढलेच तर हा असाच चपळ राहील काय? दोन देह भिडले म्हणजे ज्याचे खांदे खाली असतात त्याची सरशी होते, हे त्या खेळातील जाणत्यांना ठाऊक असते. तरीही प्रथम विचारली जाते ती उंचीच.

आपल्याकडे हा खेळ नाही. पण हा प्रश्न आहे, आणि फार जुना आहे. हायस्कुलातून महाविद्यालयात आलेल्या आणि अंगकाठी पाहून बाजूला सारल्या गेलेल्या एका मराठी मुलाच्या चरित्रात तो जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव वाचकांस नवे नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, हे आपण दिल्लीत राहून परप्रांतीय स्नेह्यांना अभिमानाने सांगत असतो. पण त्या पदकापूर्वी आणि पदकानंतरही या माणसाची पारख कोणी केली, कशी केली आणि ती किती वेळा फसली, हा भाग आपल्या सांगण्यातून गळून जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

प्रथम तालमीची रीत पाहिली पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला जो आश्रय दिला त्याचे दृश्य स्मारक म्हणजे खासबागेचे मैदान. १९०२ च्या युरोपप्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून महाराजांच्या मनात ही कल्पना आली आणि १९१२ साली मैदान तयार झाले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतून माणसे घडत आणि खासबागेत ती जगासमोर येत. या व्यवस्थेत मुलाची निवड वस्ताद करी. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली हौद्यातील तांबडी माती उकरण्याचे काम नव्या पोराला प्रथम मिळे, आणि ते करताना त्याची कंबर, मान, मनगट आणि दम ही चारही दिसून येत. जोर-बैठका तो किती काढतो यापेक्षा दम लागल्यावर काय करतो, पाठीवर पडल्यावर लाजतो की चिडतो की हसून उठतो, हे वस्ताद पाही. जेवण पचते काय, झोप शांत आहे काय, बापाची व मामाची हाडे कशी आहेत, याचीही चौकशी होई. ही तपासणी चार-सहा महिने, कधी दोन वर्षे चाले. आजच्या कोणत्याही निवड समितीला इतका अवधी मिळत नाही.

पण या रीतीत एक उणीव होती. मातीतल्या कुस्तीला वजनाचे गट नव्हते. मैदानात जोड लावली जाई ती नजरेने. दोन गडी समोरासमोर उभे करायचे, पंचांनी आणि जाणत्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहायचे, आणि ‘जोड बरी आहे’ असे म्हणायचे. लहान कुस्त्या रेवड्यांवर किंवा चार-दोन रुपयांवर लागत. मोठे इनाम आणि मानाची गदा अखेरच्या कुस्तीला, आणि अखेरच्या कुस्तीला उभे राहायचे तर देह मोठाच हवा. साहजिकच वस्तादाची नजर मोठ्या हाडाच्या पोराकडे वळे आणि महागडा खुराकही त्याच्याच वाट्याला जाई. ही नजर चुकीची होती असे कोणी म्हणू नये. बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या मातीत तयार झाले आणि १९५९ साली येथे दिल्लीतच पंजाबच्या मल्लाला हरवून पहिले हिंदकेसरी ठरले. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पदके मिळविली. मोठ्या देहांची निवड तालमीने उत्तम केली. लहान चणीचा मुलगा मात्र, त्याच्या अंगी कितीही कस असला तरी, रेवड्यांच्या कुस्तीच्या पुढे सहसा जात नसे.

गामाची कथा या संदर्भात आठवते. जोधपूरच्या राजाने १८८८ च्या सुमारास भरविलेल्या बैठकांच्या चढाओढीत शेकडो मल्लांत हा दहा वर्षांचा मुलगा शेवटच्या पंधरांत टिकून राहिला आणि वयाचा विचार करून राजाने त्यालाच विजयी ठरविले, असे सांगतात. बावीस वर्षांनी, १९१० साली, तोच गामा लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून तेथील स्पर्धेत त्याला प्रवेश मिळेना. तेव्हा त्याने कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना अर्ध्या तासात चीत करण्याचे आव्हान दिले. पुढे त्याच वर्षी झबिस्को हा जगप्रसिद्ध मल्ल त्याच्यासमोर दोन तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला आणि फेरकुस्तीला आलाच नाही. राजाला दहा वर्षांच्या मुलात जे दिसले ते लंडनच्या व्यवस्थापकांना तयार मल्लात दिसले नाही. राजा बैठका मोजत होता आणि व्यवस्थापक इंच मोजत होते, एवढाच फरक.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर पुण्याची हकीकत सांगून पुढे जातो. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा गेले होते. खेड्यांतून आलेली मुले अनवाणी धावत होती, धावण्याची शिस्त अशी काही नव्हती. पण दोराबजींनी वेळा पाहिल्या आणि त्या युरोपातील वेळांच्या फार मागे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. ऑलिंपिकला माणसे पाठविण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी जिमखान्याच्या मंडळींना विचारले की शंभर मीटरना साधारण किती वेळ लागावा. एका प्रमुख सभासदाने उत्तर दिले की एक-दोन मिनिटे. तेथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब असतो हे ऐकून सभासद थक्क झाले. १९२० साली अँटवर्पला जो भारतीय चमू गेला त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यतीत ते एकोणिसावे आले. रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन मराठी मल्लही त्या चमूत होते. जिमखान्यातील मंडळी रोज त्या मुलांना धावताना पाहत होती. घड्याळाकडे पाहिले ते पाहुण्याने.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. मुलाला त्यांनी पाचव्या वर्षीच मातीत उतरविले. १९४० ते १९४७ खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात होते. तेथून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि अंग किरकोळ. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नाव घेण्यास नकार दिला.

या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. कोल्हापुरात लहानाचा मोठा झालेला कोणीही त्या दिवशी तेच म्हणाला असता. समोर धष्टपुष्ट मुले उभी आहेत, मैदानात वजनाचा भेद नाही, आणि हा सडपातळ मुलगा त्यांच्याशी झुंजायचे म्हणतो. त्याचे हाडबीड मोडले तर उत्तर कोणी द्यायचे? सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसाला हा विचार तत्काळ समजतो. नकार दिल्याने कोणाचे काही बिघडल्याची नोंद कोठेही राहत नाही. परवानगी दिली आणि काही विपरीत घडले तर मात्र खुलासा मागितला जातो.

खाशाबा प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना भाग घेऊ दिला. मुलाच्या अंगी मोठा मल्ल आहे असे त्यांनी तेव्हाच ओळखले, असे मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही. त्यांनी इतकेच केले की जो निकाल मैदानात लागायचा तो मैदानाच्या दारात लागू दिला नाही. खाशाबांनी आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक हरविले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिपक्ष्याची मान बगलेत धरून त्याच्याच वजनाचा उपयोग करीत त्याला फेकण्याचा हा डाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना येथे बुटकेपणा उपयोगीच पडतो हे सांगणे न लगे. दारात मुलाचे अंग दिसत होते. ढाक दिसायला समोर कोणीतरी उभे करावे लागते.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोवर सारी कुस्ती मातीत झालेली. गादीवरच्या कुस्तीचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने तेथे त्यांना मार्गदर्शन केले. सर्वांत हलक्या, म्हणजे बावन्न किलोंच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. मला या सहाव्या क्रमांकाचे मोल पदकाहून फारसे कमी वाटत नाही. आयुष्यात प्रथमच या मुलाला अशा मैदानात उभे केले गेले की जेथे समोरचा माणूस त्याच्याच वजनाचा होता. तालमीतील मंडळी वजनकाट्याला हसत असत. कुस्ती ही काय धान्याची खरेदी आहे, असे म्हणणारे म्हातारे मी स्वतः ऐकले आहेत. पण नजरेने ज्याला दारातून परत पाठविले होते त्याला काट्याने जगातल्या सहाव्या स्थानावर नेऊन बसविले.

पुढली चार वर्षे त्यांनी गादीच्या कुस्तीचा अभ्यास केला आणि वजन वाढवून ते सत्तावन्न किलोंच्या गटात आले. हेलसिंकीसाठी निवड व्हायची वेळ आली तेव्हा अडथळा निराळाच निघाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी त्यांना एका गुणाने मागे ठेवले. हा निर्णय पक्षपाताचा आहे असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. पाठ जमिनीला लागल्यावर गुणांचा वाद उरत नाही. खर्डेकरांनी जे केले होते तेच महाराजांनी केले : निकाल दिला नाही, कुस्ती दिली.

मग पैशाचा प्रश्न. निवड झाली तरी जाण्याचा खर्च ज्याचा त्याने उभा करायचा. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, व्यापाऱ्यांनी हातभार लावला, आणि तरीही रक्कम पुरेना तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. त्या काळी महाविद्यालयाच्या प्राचार्याला ही रक्कम लहान नव्हती. मुलाच्या गुणांविषयी चांगले मत देणारे शिक्षक पुष्कळ असतात. आपले मत गहाणखतावर लिहून देणारा हा एकच मला ठाऊक आहे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि ती एका गुणाने गेली. हा इशीच पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या राशीद मामेदबेकोवशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला त्या वेळी एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्ती गेली आणि कांस्यपदक उरले. परदेशी गेलेल्या संघाबरोबर अधिकारी कशासाठी पाठवितात, हा प्रश्न आपल्यासारख्या सरकारी माणसांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. नियमपुस्तकाची एक प्रत आणि वेळेवर उच्चारलेले एक वाक्य, एवढ्यावर त्या दिवशीचे पदक वेगळ्या धातूचे झाले असते की नाही ते कोणी सांगावे. पण ते वाक्य उच्चारले गेले नाही हे निश्चित.

आता थोडे दिल्लीकडे वळू. आपल्यातील जे मॉडेल टाऊनच्या बाजूस राहतात त्यांना छत्रसाल स्टेडियम ठाऊक असेल. पूर्वी सब्जी मंडीजवळ बिर्ला मिलच्या आवारालगत गुरू हनुमान यांचा आखाडा हे या शहरातील मल्लविद्येचे पीठ होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे सतपाल त्याच आखाड्याचे. पुढे सतपालांच्या देखरेखीखाली छत्रसाल स्टेडियममध्ये हरियाणाच्या खेड्यांतील दहा-अकरा वर्षांची मुले येऊन राहू लागली. सोनिपत जिल्ह्यातील रवि दहिया तेथलाच. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याने रौप्यपदक मिळविले. झज्जर जिल्ह्यातील अमन सेहरावत हा आईबापांविना वाढलेला मुलगाही तेथलाच. २०२४ च्या निवडचाचणीत त्याने रविलाच मागे टाकले आणि पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविले. या दोघांचा गट कोणता, तर सत्तावन्न किलो. योगायोग असा की अमनचाही मार्ग जपानच्याच मल्लाने, आणि तोही पुढे सुवर्णपदक घेणाऱ्याने, अडविला.

पण त्याच पॅरिसमध्ये काट्याने आपले दुसरे रूप दाखविले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी विनेश फोगाट पन्नास किलोंच्या अंतिम कुस्तीपूर्वी वजनाला उभी राहिली आणि शंभर ग्रॅम अधिक भरली. आदल्या दिवशी जिंकलेल्या तिन्ही कुस्त्या व्यर्थ गेल्या आणि तिचे नाव यादीत सर्वांत शेवटी गेले. दोनच दिवसांनी अमनची पाळी होती. उपान्त्य कुस्तीनंतर त्याचे वजन मर्यादेच्या साडेचार किलो वर गेले होते. रात्रभर व्यायाम करवून, घाम काढून, दहा तासांत ते उतरविण्यात आले, आणि त्या रात्री त्याच्याबरोबरचे शिक्षक झोपले नाहीत. हेलसिंकीत खाशाबांजवळ जे कोणी नव्हते ते पॅरिसमध्ये अमनजवळ होते. खाशाबांना ज्या काट्याने दार उघडून दिले त्याच काट्याने बहात्तर वर्षांनी एका मुलीला दारातून परत पाठविले. आणि तरीही काटा काढून टाका असे छत्रसालमधला कोणताही लहान चणीचा मुलगा म्हणणार नाही. काटा गेला की पुन्हा नजर आली, आणि नजर आली की रेवड्या आल्या.

खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांनी पहिले काम केले ते कोल्हापुरात कुस्त्या भरविण्याचे. त्या मैदानांत ते स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. येथे त्यांच्या वजनाचा किंवा उंचीचा काहीच संबंध नव्हता. कागदांवर पदकाचा रकाना नसतो, आणि रकाना नसलेली गोष्ट टिपणीत येत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या हातांनी अनुभविले आहे. एकेका जागेवर पुढे सरकलेली माणसे मी पाहतो तेव्हा कोणाच्या अहवालात काय लिहिले गेले यापेक्षा कोणाला कोणते काम करून दाखवायला मिळाले, हेच मला अधिक निर्णायक वाटते.

१९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी दिल्लीत जी मशाल धावली तिच्या वाहकांत खाशाबांना स्थान देण्यात आले. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि हेलसिंकीला तीस वर्षे झाली होती. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक देशाला १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने मिळवून दिले. म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० सालचा, मरणोत्तर, मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इंदिरा गांधी क्रीडासंकुलात कुस्तीचे जे नवे सभागृह बांधले गेले त्याला के. डी. जाधव यांचे नाव आहे. आय. टी. ओ. कडून यमुनेच्या काठाने जाताना ते संकुल लागते. कुस्तीगिरांच्या राष्ट्रीय निवडचाचण्या त्या छताखालीही होत आल्या आहेत. सकाळी मुले एका रांगेत उभी राहतात, काट्यावर चढतात, आणि मग एकेकाचे नाव पुकारून त्याला गादीवर बोलावले जाते.